पडवीतील ओतशाळा

धातू वितळविण्याचे काम मनुष्यजातीने पुरातन काळापासून लोहार, सोनार आणि टांकसाळीचे दारोगे यांच्याकडे सोपवून ठेवले आहे, आणि सामान्य गृहस्थाने त्यात कधी हात घातला नाही याचे कारण त्याची विरक्ती नव्हे, तर त्याच्या चुलीची ऐपत हे होय. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसपर्यंत तापविल्यावाचून पाझरत नाही. तांबे १०८५ मागते, सोने १०६४. आणि स्वभावाने जरा नरम समजली जाणारी चांदीदेखील ९६२ च्या खाली सौदा करावयास तयार होत नाही. या मिजासखोर मंडळीत शिसे तेवढे असे की जे ३२७ अंशांच्या आसपास, घरातल्या शेगडीवर, लोखंडी कढईत, कसलाही आढेवेढा न घेता शरण येते. कथील त्याच्याही आधी, म्हणजे २३२ अंशांवरच विरघळते हे खरे. परंतु कथलाचा बाजारभाव ऐकून गृहस्थच अगोदर विरघळत असल्यामुळे ते या विचारातून वगळलेले बरे. सारांश, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला धातुविद्येची हौस भागवावयाची असेल, तर परमेश्वराने त्याच्यासाठी शिसे निर्माण केले आहे.

आमचे एक स्नेही रत्नागिरीस मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून या हुद्द्यावरून निवृत्त झाले, तेव्हा आता हे सद्गृहस्थ एकतर पारायणे करतील अथवा वाचनालयात वर्तमानपत्रांची मधली पाने अडवून बसतील, अशी सर्वांची रास्त अपेक्षा होती. त्यांनी तिसरी वाट धरली. हातात काठी, खांद्याला पिशवी आणि डोक्यावर टोपी अशा थाटात ते मांडवीच्या धक्क्यावर, आणि पुढे धीर चेपल्यावर रत्नदुर्गाच्या पायथ्याच्या खडकांवर, गरवायला जाऊ लागले. आरंभी कोळंबीचे आमिष असे. परंतु उभी हयात लोकांच्या अर्जांवर शेरे मारण्यात घालविलेल्या माणसाला, आमिष दाखवून काम साधावे ही पद्धत मनापासून पटणे कठीण होते. आणि कुणा तरुण गळवाल्याकडून त्यांना जेव्हा जिगची माहिती मिळाली, तेव्हा त्यांच्या सदसद्विवेकाला मोठाच दिलासा मिळाला.

ज्यांचा या शास्त्राशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा तपशील देणे अवश्य आहे. जिग म्हणजे मूळचा गळच. मात्र त्याच्या मानेवर शिशाचे डोके ओतलेले असते. तंगूस बांधावयाचे कडे या डोक्याच्या माथ्यातून बाहेर काढलेले असल्यामुळे पाण्यात गळाचे टोक आकाशाकडे पाहत राहते. याला खाद्य लावावे लागत नाही. काठी उचलावी, सोडावी, पुन्हा उचलावी. मनगटाच्या या हिसक्यांनी शिशाचा तो निर्जीव तुकडा वर उसळतो, लटपटतो, खाली घसरतो, आणि जवळून जाणाऱ्या जिताड्याला किंवा तांबोशीला असा भास होतो की कोणी जायबंदी पिल्लू अखेरच्या घटका मोजीत आहे. झडप बहुधा जिग खाली पडत असतानाच येते, कारण पडत्याला धरणे हा जलचरांचाही स्वभाव आहे.

या सर्व नामी योजनेत उणीव एकच आहे, आणि ती म्हणजे समुद्राचा तळ. शिसे हे पाण्याच्या सवाअकरा पट जड असल्यामुळे ते तळाशी त्वरेने जाते, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तळ म्हणजे भेगा, कपारी आणि कालवे यांनी भरलेला कातळ. तेथे गेलेला जिग परत येणे हे सर्वस्वी कातळाच्या मर्जीवर असते. मासा जिग गिळतो तेव्हा निदान तोंडातून काढून घेता येतो. कातळ गिळतो तेव्हा जिगही जातो, वावभर तंगूसही जाते, आणि पोचपावती मिळत नाही. माझ्या अल्प निरीक्षणावरून मी असे निश्चयाने सांगू शकतो की, जिग नावाच्या वस्तूचे खरे गिऱ्हाईक मासा नसून खडक आहे, आणि जगातील एकूण उत्पादनाचा फार मोठा हिस्सा या पाषाणहृदयी गिऱ्हाइकाकडेच उधारीवर जात असला पाहिजे.

दुकानातून आणलेले देखणे, रंगविलेले, डोळे काढलेले जिग अशा रीतीने सागरार्पण होऊ लागले तेव्हा स्नेह्यांनी आपल्या जुन्या सवयीनुसार एक खर्डा तयार केला. एक किलो शिशात अठ्ठावीस ग्रॅमचे पस्तीस जिग होतात. भंगारातील शिशाचा भाव अमुक. सबब दर जिगास पडणारी किंमत तमुक. आणि ती दुकानातील किमतीच्या मानाने इतकी क्षुल्लक होती की, हे दुकानदार आजवर मोकळे कसे राहिले याचेच मला नवल वाटू लागले. खर्डा अत्यंत सुवाच्य होता. मात्र त्यात परदेशातून मागविलेला दुपाखी अॅल्युमिनियमचा साचा, त्याच्यावर बसलेली जकात, कढई, लांब दांड्याची पळी, पक्कड, कानस, जाड कातडी हातमोजे, डोळ्यांचा बंद चष्मा, गॅसची स्वतंत्र शेगडी आणि, सर्वांत मुख्य म्हणजे, गळ, की ज्यांच्यावाचून शिसे हे केवळ शिसेच राहते, यांपैकी एकाही बाबीचा उल्लेख नव्हता. मी तो विषय काढला, तेव्हा "तो भांडवली खर्च," असे म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली. भांडवली खर्च या सदराच्या पोटात काय काय मावू शकते याचा अनुभव ज्याने सरकारी दप्तरात घेतला आहे, त्याच्याशी वाद घालणे व्यर्थ होते.

पुढचा प्रश्न कच्च्या मालाचा. मोटारीच्या चाकाचा तोल साधण्यासाठी रिमच्या कडेला जे लहान तुकडे ठोकतात ते पूर्वी सर्रास शिशाचे असत, म्हणून टायरवाल्याच्या दुकानात प्रथम चौकशी झाली. परंतु अलीकडे त्यांत लोखंड आणि जस्त यांची भेसळ फार. आणि लोखंड आपण होऊन वर तरंगत असले, तरी जस्त मोठे कावेबाज आहे. ते ४१९ अंशांवर वितळते. तोवर आच आवरून धरली तर तेही तरंगते, आणि त्याला झाऱ्याने उचलून बाहेर काढता येते. पण आच वाढली की ते शिशात मिसळून जाते, आणि मग तो सगळा रस असा दाट व गुठळीदार होतो की साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक तुकडा पकडीच्या धारेत चावून पाहणे. शिशावर खूण उमटते, जस्तावर उमटत नाही. आमचे स्नेही पडवीत पाट टाकून बसत आणि एकेका तुकड्याची अशी जबानी घेत. आणि त्या वेळी त्यांच्या मुद्रेवर जो तजेला दिसे, तो निवृत्त झाल्यापासून मी पाहिला नव्हता.

अशातच त्यांना एका भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या छापखान्याचे खिळे मिळाले. आता छापखान्याचा खिळा म्हणजे नुसते शिसे नव्हे. नुसत्या शिशावर नखाने ओरखडा उठतो. त्यात अँटिमनी आणि कथील मिसळून हा मिश्रधातू तयार करतात. अँटिमनीमुळे कणखरपणा येतो, आणि शिवाय थंड होताना धातू आकसून जाण्याची जी खोड असते तीही बरीचशी आवरली जाते. त्यामुळे साच्यातील बारीकसारीक कोरीव काम जसेच्या तसे उमटते. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यांच्या टंकांचा जो लौकिक पुढे साऱ्या हिंदुस्थानात झाला, त्याच्या मुळाशी कारागिरांच्या हाताइतकाच हाही गुण होता. ज्या धातूने रफाराचे टोक आणि अनुस्वाराचा ठिपका शाबूत ठेवला, तोच धातू माशाच्या नकली डोळ्याभोवतीचे खवले शाबूत ठेवण्यास सर्वथा लायक होता, आणि आमच्या स्नेह्यांनी तो खोकाच्या खोका घरी आणला.

या घटनेने, एक लेखक या नात्याने, मला प्रथम थोडे वाईट वाटले, हे खरे. परंतु अधिक विचार करता मी सावरलो. या खिळ्यांनी छापलेले किती निबंध, किती सभांचे अहवाल आणि किती षष्ट्यब्दीपूर्तीचे गौरवग्रंथ वाचकांच्या गळी उतरले असतील, याचा प्रामाणिक हिशेब कोणी मांडला, तर त्यांच्या उत्तर आयुष्यात त्यांना निदान माशांच्या गळी उतरविण्याचा हा प्रयत्न साहित्यसेवेत खंड पाडणारा आहे असे म्हणता येणार नाही.

ओतकामाला मुहूर्त लागला तो नेमका पावसाळ्याच्या तोंडावर, कारण दर्या खवळलेला असल्यामुळे हात रिकामे असतात. पण वितळलेल्या धातूला पाण्याचे जेवढे वावडे, तेवढे इतर कशाचेही नाही. पाण्याचा थेंब वाफ होताना सुमारे सोळाशे पट फुगतो, आणि हा विस्तार जर शिशाच्या पृष्ठाखाली घडून आला, तर वरचे शिसे चहूकडे उडते. आपल्या रसवैद्यांना ही गोष्ट चांगलीच अवगत होती. त्यांच्या शास्त्रात शिशाला नाग असे नाव असून, त्याचे शोधन करावयाचे म्हणजे ते वितळवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत प्रत्येकी सात वेळा ओतावयाचे. आणि हा ढालनविधी करताना द्रवाच्या भांड्यावर मध्यभागी भोक असलेले झाकण ठेवावे, असा दंडक आहे. ज्या कोण्या पूर्वाचार्याने हे झाकण प्रथम ठेवले, त्याने त्यापूर्वी एकदा ते ठेवले नव्हते, हे उघड आहे.

आमच्या स्नेह्यांच्या पडवीचे एक कौल सरकलेले होते. मृगाची पहिली सर आली तेव्हा त्या फटीतून एकच थेंब आला, तो कढईतच आला, आणि जो आवाज झाला त्याने शेजारच्या गोठ्यातील म्हैस दावे तोडून परसात गेली. सुदैवाने हातमोजे, चष्मा आणि अंगभर कपडे असा जामानिमा असल्यामुळे कोणालाही इजा झाली नाही. शिशाचे चार-दोन शिंतोडे भिंतीवरील पंचांगावर जाऊन घट्ट बसले आणि त्याखाली एक गुरुपुष्यामृत कायमचा झाकला गेला. दुसऱ्या दिवशी ओतशाळेचे स्थलांतर कोरड्या आणि चहूबाजूंनी मोकळ्या अशा गाडीच्या छपराखाली करण्यात आले. परंतु नाव मात्र 'पडवीतले काम' असेच रूढ राहिले.

काम प्रत्यक्ष पाहण्यासारखे असते. कढईतील शिसे वितळले की प्रथम त्यावर राखाडी साय धरते. त्यात मेणबत्तीचा तुकडा टाकला की भडका उडतो, धूर होतो, साऱ्या मळाची भुकटी होऊन वर येते. ती पळीने कडेला सारावी, आणि मग खाली जे दिसते त्यात माणसाला आपले तोंड पाहता येते. साच्याच्या दोन्ही पाख्यांना अगोदर मेणबत्तीची काजळी धरलेली असते, म्हणजे धातू आतपर्यंत सुरळीत धावतो. गळ खाचेत ठेवावा, पाखे मिटावे, पळी भोकाशी लावावी आणि न थबकता एका धारेने ओतावे. साचा थंड असेल तर जिगच्या डोक्यावर सुरकुत्या पडतात अथवा अर्धे डोके बनतच नाही; फार तापला तर वर बुरशीसारखा पांढुरका खरखरीतपणा येतो. म्हणून पहिले काही नग केवळ साचा गरम करण्यासाठी ओतावयाचे आणि निमूटपणे परत कढईत टाकावयाचे. शिशाचे सर्वांत मोठे औदार्य हेच आहे की फसलेला नग ते कोणताही पुरावा न ठेवता परत घेते. सरकारी नोकरीत एकदा खाली गेलेला हुकूम परत वर बोलावून वितळविता येत नाही, आणि मला वाटते, आमच्या स्नेह्यांच्या या धातूवरील प्रेमाचा उगम तेथेच असावा. साचा उघडला की आत चकाकणारा जिग, डोक्यावर ओतणीचे देठ लागलेला. ते देठ पकडीने पिळून तोडावे, कडेची पापडी कानशीने घासावी, की नग तयार.

याच सुमारास वहिनींनी आपला जाहीरनामा काढला. कढई, पळी आणि झारा ही जी तीन भांडी स्वयंपाकघरातून 'तात्पुरती' म्हणून नेण्यात आली होती, ती परत येता कामा नयेत, त्यांच्या जागी नवी आणावीत. कामाचे कपडे इतर कपड्यांत धुवायला पडता कामा नयेत. ओतकाम चालू असता तेथे चहा जाणार नाही. नातवाने त्या बाजूला फिरकावयाचे नाही. आणि काम संपवून येणाऱ्याने, मयतीहून आल्याप्रमाणे, दारातच हातपाय धुवून, आंघोळ करून मगच घरात पाऊल टाकावे. हे सारे त्यांनी विटाळाच्या कलमाखाली फर्माविले होते. गंमत अशी की, या विषयावरील आधुनिक वैद्यकाचे म्हणणे अक्षरशः तेच आहे. शिशाचा धोका आच मर्यादेत असेल तर धुरापेक्षा भुकटीत, मळात आणि हाताच्या बोटांत अधिक. ते तोंडावाटे पोटात जाते, हाडांत ठाण मांडते, मुलांच्या मेंदूला अल्प प्रमाणातही अपाय करते, आणि ओतकामाचे भांडे पुन्हा अन्नाला वापरणे सर्वथा निषिद्ध आहे. आमच्या स्नेह्यांनी या विषयावरची इंग्रजी पुस्तिका मागवून, वाचून, जागोजागी अधोरेखित करून वहिनींना दाखविली, तेव्हा "मग मी काय वेगळं सांगत होते?" एवढेच बोलून त्या पोळ्या लाटावयास गेल्या.

रंगाविषयी थोडक्यात सांगतो. जिग तापवून रंगाच्या भुकटीत बुडवावा आणि भट्टीत पक्का करावा, अशी शास्त्रोक्त रीत आहे. घरगुती रीत म्हणजे सुनेची नखे रंगविण्याची बाटली. त्या बाटलीतून जिगला लाल ओठ मिळतात, काळे डोळे मिळतात, आणि जुन्या शालूची जर दोऱ्याने गुंडाळून बांधली की शेपूटही मिळते. आता पाणी हे प्रकाशातील लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते, आणि काही मीटर खाली जाताच तांबडे ओठ काळपट दिसू लागतात. कोकणच्या गढूळ पाण्यात तर त्याहूनही लवकर. म्हणजे हे ओठ माशासाठी खासच नाहीत. धक्क्यावर शेजारी बसणारे दुसरे निवृत्त गृहस्थ ते न्याहाळतात, आणि तेवढ्यासाठी तांबडा रंग पूर्णपणे कार्यक्षम आहे.

अशा प्रकारे सर्व सुरळीत चालले असता, एके दिवशी स्नेही चिंताक्रांत होऊन माझ्याकडे आले. विलायतेत १९८७ साली गळाला लावावयाच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली, हे त्यांच्या वाचनात आले होते. तेथील हंस नदीतळातील खडे पोटातील पेषणीसाठी गिळतात, आणि खड्यांबरोबर गळवाल्यांची हरवलेली शिशेही गिळून मरत असत. ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची वजने या कायद्याखाली येतात. कॅनडातील राष्ट्रीय उद्यानांत तर पन्नास ग्रॅमच्या आतील शिशाचा जिगसुद्धा चालत नाही. पाण्यातून दूध वेगळे करणारा, मोत्यांचा चारा चरणारा तो हंस शिसे आणि गारगोटी यांतील फरक ओळखू नये, याचा मला धक्काच बसला. परंतु हा इंग्रजी हंस, त्याला नीरक्षीरविवेक कोणी शिकविलेला नसावा. मी म्हटले, "पण तुमच्या खडकांवर हंस कुठे आहेत? फार तर बगळे."

"बगळ्यांचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "माझा एक जिग अठ्ठावीस ग्रॅमचा. कायद्यात नेमका बसतो. म्हणजे तिकडे मी आरोपी ठरलो असतो."

आपल्यावर लागू नसलेल्या कायद्याखालीही आपण निर्दोष असावे, ही तळमळ मामलेदार कचेरीच्या बाहेर क्वचितच आढळते. पर्याय म्हणून त्यांनी टंगस्टनचा विचार केला. तो शिशाहूनही खूपच जड, तेव्हा उत्तम. परंतु तो ३४२२ अंशांना वितळतो, आणि तेवढ्या आचेला वहिनींची मंजुरी मिळण्याचा संभव नव्हता. बिस्मथ २७१ अंशांवर वितळते, विषारी नाही, पण त्याचा भाव ऐकल्यावर खर्ड्यातील भांडवली सदरालासुद्धा ते पेलेना. शेवटी त्यांनी एक नवी वही घातली, आणि तळाला अडकून गेलेल्या प्रत्येक जिगचे वजन तारीखवार तीत नोंदवू लागले. वहीच्या पुठ्ठ्यावर 'समुद्राकडून येणे' असे लिहिले आहे.

खिळ्यांचा खोका मात्र तसाच होता. तो एका दुपारी वितळविण्यासाठी ओतला, तेव्हा त्यात सुतळीने बांधलेला एक जुळविलेला गठ्ठाच निघाला. कोणा लग्नपत्रिकेचा, छापावयाचा राहून गेलेला असावा. अक्षरे अर्थातच उलटी. परंतु टेबलापलीकडच्या अर्जदाराच्या हातातील कागद अलीकडून वाचण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला उलट्या अक्षरांचे काय मोठेसे? त्यांनी सहज वाचले: "आमचे येथे श्रीकृपेकरून." हे वाक्य वहिनींच्या कानी पडले, आणि काम जागच्या जागी तहकूब झाले. 'श्री' वितळवावयाचा नाही, असा हुकूम सुटला. मराठी छापखान्यात 'श्री' किती लागतात याची ज्यांना कल्पना नाही त्यांनी पत्रिका, पावतीपुस्तके, भिक्षुकांच्या पोथ्या आणि संस्थांची निमंत्रणे डोळ्यांसमोर आणावी. वहिनी स्वतः चष्मा लावून खोक्याजवळ बसल्या आणि एकेक 'श्री' वेचून बिस्किटाच्या डब्यात टाकू लागल्या. डबा भरला.

या डब्याचे करावयाचे काय, यावर विचारविनिमय झाला तेव्हा मीही हजर होतो. घरात ठेवणे इष्ट नाही, भंगारात देणे त्याहून अनिष्ट. विसर्जन करावे, असे वहिनींचे मत पडले. भाट्याच्या पुलावरून खाडीत सोडले की झाले. स्नेही बराच वेळ स्वस्थ होते. मग त्यांनी अतिशय विनयाने असा मुद्दा मांडला की, ओतशाळेतून निघालेला जिगही अखेर समुद्राच्या तळाशीच जातो, याला वहीचा लेखी आधार आहे. तेव्हा मधल्या अवस्थेत त्याला एक गळ बसविला, तर विसर्जनात बाधा ती कोणती?

"अहो, विसर्जन करायचं ते हात जोडून," वहिनी म्हणाल्या. "गळ लावून माशाच्या तोंडात नाही द्यायचं. आणि मासा लागला म्हणजे? तो मी कापायचा, 'श्री' तोंडात घेतलेला?"

यावर आमच्या स्नेह्यांपाशी उत्तर नव्हते, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण माझ्यापाशीही नव्हते. वहिनींनी खोका पुन्हा पुढ्यात ओढला, आणि 'श्री'च्या डब्यालगत 'ॐ'साठी दुसरा डबा मांडला. 'चि.' आणि 'सौ. कां.' यांच्याविषयीचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.